ऐकल्या दिवसापासून

रवळू आला तेव्हा परशराम पेठेतल्या मोकळ्या जागेत चुलीपुढं उकिडवा बसून दूध तापवत होता. श्रावणातला मंगळवार होता. चार खांबांवरच्या पत्र्यातून एका जागी पाणी गळत होतं, त्या धारेखाली त्यानं तांब्या ठेवला होता. वरच्या वाशाला तीन झोळ्या बांधलेल्या होत्या. दोन झोळ्यांत पोरं होती, तिसरं वखारीत काम करणाऱ्या शालूबाईच्या कडेवर होतं.

बाळाबाई भावजयीच्या बाळंतपणाला जांबोटीला गेली, त्याला बावीस दिवस झाले होते. तेव्हापासून हे काम परशरामाकडं आलं होतं. वखारीत तंबाखू तोलायला जायच्या आधी इथं यायचं, चूल पेटवायची, दूध तापवून शालूबाईच्या हवाली करायचं. ते त्याला जमत नव्हतं. दूध रोज करपायचं. आजही करपल्याचा वास सुटला होता.

"दाजी," मागून हाक आली.

बाळाबाईचा भाऊ रवळू उभा होता. त्याच्या अंगावरची घोंगडी भिजून जड झाली होती. हातात फडक्यात बांधलेलं लहानसं मडकं होतं. जांबोटीहून कोणी आलं की बाळाबाईची आई तूप पाठवायची, तेही असल्याच मडक्यात.

"तूप व्हय?" परशरामानं विचारलं.

रवळूनं मान हलवली. "तूप न्हवं, दाजी."

शालूबाईनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. परशराम उठून उभा राहिला.

"कवा?"

"शनवारी. दुपार कलली तवा. हिवताप हुता, तीनच दिस. आमाला वाटलं उतरंल. निरोप धाडायचा तर पावसात कोण बाहेर पडंना. नदीला पाणी चढाय लागलं, म्हणून त्याच सांजच्याला उरकलं." रवळूनं अस्थींचं मडकं दोन्ही हातांनी पुढं केलं. "बेळगावपतोर चालत आलो. तितनं मोटार गावली."

परशरामानं मडकं घेतलं नाही. तो शनिवार आठवू लागला. शनिवारी दुपारी तो वखारीच्या पायरीवर बसून हमालांबरोबर हसत होता. रविवारी भाकरी करपली म्हणून बायकोच्या नावानं कुरकुरला होता. सोमवारी शालूबाईला म्हणाला होता, "तिला माहेर गोड लागलंय. आता काय ती लवकर येत न्हाय." तीन दिवस ती नव्हती आणि तीन दिवस तो तिच्यावर रुसून बसला होता.

मग तो वाकला. तांब्यातलं पाणी त्यानं आपल्या हातानं चुलीत ओतलं. निखारे चर्र करून विझले. वाफ वर गेली आणि झोळीतलं एक पोर शिंकलं.

"सुतक लागलं," तो शालूबाईला म्हणाला. "पोरं ने गं."

---

ती जागा पेठेच्या ऐन मध्यावर होती. एका बाजूला धान्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूच्या वखारी. पूर्वी तिथं परशरामाच्या चौगुले कुटुंबाचं घर होतं. सत्तावीस वर्षांमागं प्लेग आला तेव्हा निम्मी निपाणी माळावर झोपड्या घालून राहिली. घरांची कौलं काढा, आत ऊन येऊ द्या, असा हुकूम निघाला. चौगुल्यांनी कौलं काढली, पण त्याआधीच घरातली दोन माणसं गेली होती: परशरामाची आई, आणि थोरल्या भावाचा, गुंडूचा, आठ महिन्यांचा मष्णू. माळावरून परत आले तोवर वासे, दारं, खिडक्या कोणीतरी जळणाला नेल्या होत्या. म्हाताऱ्या बापानं, भरमानं, मागच्या बोळात दोन खोल्यांचं घर घेतलं, पुढं शेजारी दुसरं घेतलं, आणि जुन्या जागेकडं पाठ फिरवली. फक्त चुलीचे तीन दगड त्यानं हलवू दिले नाहीत. नवीन सून म्हणून आलेल्या बाळाबाईला तो म्हणाला, "दर आवसेला तिथं जाळ कर. जागेवर धूर दिसाय पायजे."

बाळाबाई अमावास्येला जाळ करायची. पुढं वखारीतल्या बाया तिथं दुपारची भाकरी खायला बसू लागल्या. तंबाखू चाळून चाळून त्यांचे घसे सोललेले असायचे. कोणाचं तान्हं पोर वखारीच्या धुरळ्यात खोकून काळंनिळं व्हायचं. पोरानं रडू नये म्हणून काही बाया त्याला अफूची बारीक गोळी चाटवून कोपऱ्यात निजवायच्या. बाळाबाईनं त्यातली दोन पोरं आपल्याकडं ठेवून घेतली. दोनाची चार झाली. परशरामाकडून तिनं पत्रा घालून घेतला, आणि चूल अमावास्येऐवजी रोज पेटू लागली. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. पण म्हणून ती हे करते, असं कोणी म्हटलेलं तिला खपत नसे.

"मामंजींनी सांगितलंय जाळ कर म्हणून," ती म्हणायची. "नुसता जाळ करून काय करू? दूध तरी तापतंय."

परशराम तिची चेष्टा करायचा. "घरची चूल पुरत न्हाय व्हय तुला?" ती गेल्यावर दिवसभर पोरांकडं कोण बघतं, हे त्यानं बावीस दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. बाया बघत असतील आळीपाळीनं, असं त्यानं धरलं होतं.

त्या आषाढात म्युन्सिपालटीनं दवंडी दिली होती. प्लेगपासून पेठेत ज्या जागा पडीक राहिल्या आहेत त्यांचं काय करावं, हे गावकऱ्यांनी सुचवावं. दवंडी झाली आणि चहाच्या दुकानांत बसणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सुचू लागलं. कोणी म्हणे नाटकाचं थेटर करा, कोणी म्हणे मोटारींचा अड्डा. पैलवानांना तालीम पाहिजे होती. केस कापणाऱ्या सिद्रामाच्या मते चौकात एक कारंजं झालं म्हणजे गावाला शोभा येईल. "पेठेत प्यायला पाणी न्हाय आणि ह्याला हवेत उडवायचंय," असं म्हणून लोक हसले, पण सिद्रामानं सूचना लिहून दिलीच.

चौगुल्यांची जागा पडीक धरायची की नाही, ते हरिभाऊ कारकून ठरवणार होता. त्याचा नियम सोपा होता. जिथं रोज चूल पेटते ती राहती जागा. जिथं पेटत नाही ती पडीक.

---

सुतकाचे दहा दिवस चौगुल्यांच्या घरी चूल पेटत नसे. भाकरी भावकीतून यायची. पण ह्या वेळी दिवस मोजण्यावरून घोळ झाला. भटजींनी सांगितलं, दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेलेच दिवस धरायचे. शनिवारी गेली म्हणजे सोमवारी दहावा. गुंडूच्या घरानं तसंच धरलं आणि मंगळवारी चूल पेटवली. त्याची बायको जयाबाई भाकरी घेऊन शेजारी आली आणि म्हणाली, "भावजी, फिटलं आता. आंघोळ करा."

"माझं न्हाय फिटलं."

"अवो, शनवारपासनं—"

"मी मंगळवारी ऐकलं, वैनी. शनवारी माझी बायको जित्ती हुती." त्यानं ताट ओढून घेतलं. "गुरवारी फिटंल. तवर त्या जागंवर कुणी काडी लावायची न्हाय."

जयाबाई माघारी गेली.

हरिभाऊ आला तो बुधवारी सकाळी. छत्री मिटून, धोतराचा सोगा वर धरून तो पत्र्याखाली आला. चुलीतली राख पावसानं घट्ट बसली होती. झोळ्या वाशावरून सोडून ठेवल्या होत्या. परशराम एका खांबाला टेकून बसला होता.

"कळलं मला," हरिभाऊ म्हणाला. "वाईट झालं. बाई चांगली होती." मग त्यानं बगलेतली वही काढली. "परशराम, मी विचारतो तेवढंच सांग. चूल पेटते का?"

"पेटती की. परवापासनं."

"आज?"

"आज सुतक हाय."

"अरे, गुंडूकडं काल पेटली म्हणतात."

"त्याचं फिटलं. माझं उद्या फिटतंय. परवा या."

हरिभाऊनं वहीवर पेन्सिल टेकवली आणि परत उचलली. "पाचही जागा बघून झाल्या. तुझी शेवटची. यादी आज देऊन टाकायची म्हणतोय. असं कर, एक काडी लाव. नुसता धूर कर. मी तो बघितला असं लिहितो, आणि जातो."

परशरामानं चुलीकडं पाहिलं. काडेपेटी त्याच्या कोपरीच्या खिशात होती.

"न्हाय जमणार," तो म्हणाला.

हरिभाऊनं लिहिलं. जाताना तो सांगून गेला, यादीतून नाव काढायचं असेल तर शनिवारी सभेच्या आत अर्ज पाहिजे, आणि जागा दोघा भावांच्या नावावर असल्यानं सह्या दोघांच्या पाहिजेत.

---

शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं राजाबाई सांबऱ्याहून आली. ती दोघा भावांची थोरली बहीण. घरात काही बिनसलं की तिला बोलावणं जायचं आणि तिचं बोलणं शेवटचं धरलं जायचं. गुंडूच्या सोप्यात घोंगड्यावर बसून तिनं आधी रडून घेतलं, मग पदरानं तोंड पुसलं आणि बोटांवर मोजायला लागली.

"शनवार, आयतवार, सोमवार..." दोन्ही हातांची बोटं संपली. "सोमवारी फिटलं की रं. तू बुधवारी कशाचं सुतक धरून बसला हुतास?"

परशराम भिंतीकडं बघत होता.

"त्याला सांगून थकलो," गुंडू म्हणाला. तो पान लावत होता. "आक्का, झालं ते झालं. आता नीट ऐक. जागा यादीत गेली म्हंजे म्युन्सिपालटी इचारणार, मालकाला काय करायचंय. वखारवाल्या शेठनं मला शबूद दिलाय. तिथं तो पक्की वखार बांधतो. जागा आपलीच राहती. परशाला तोलायला लांब जाय नको. ह्या बायांनाबी काम वाढंल. कुणाचं वाईट हाय ह्यात?"

"वाईट तर काय दिसत न्हाय," राजाबाई म्हणाली.

"दिसतच न्हाय तर."

"मी बोलू का?" गुंडूचा मुलगा भावकू दारात उभा होता. तो बेळगावात कोर्टात नकलनवीस होता, चार दिवसांसाठी आला होता. "वखारी गावात पन्नास आहेत, आप्पा. वाचनालय एक नाही. मी सूचना लिहिली आहे. काकूंच्या नावानं वाचनालय करावं."

"काकूला तुझ्या वाचाय येत हुतं व्हय?" राजाबाई म्हणाली.

"म्हणून काय झालं, आत्या."

"काय न्हाय झालं. तिच्या नावाखाली बसून तुमी पेपर वाचा आणि चा प्या. ती तिकडनं बघत बसंल."

भावकू हसला. परशरामानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला वखार नको. वाचनालय नको. चूल हाय तशी ऱ्हाऊ दे. अर्ज लिवून दे भावकू, मी अंगठा करतो. अण्णा सही करंल."

"अण्णा न्हाय करायचा," गुंडू म्हणाला.

"का?"

"का म्हंजे? मालक मी बी हाय. सत्तावीस वर्सं त्या जागंचा मला काय उपेग झाला?"

"मग बाबा असताना बोलायचं हुतंस."

"बाबा असताना कोण बोललंय ह्या घरात?" गुंडूनं पान तोंडात न घालता ताटलीत ठेवलं. "आणि तू कुणाला सांगतोस? एक काडी लावली असतीस तर आज हा इषयच निघाला नसता. हरिभाऊ तुला म्हणाला की न्हाय, धूर कर म्हणून?"

"तुला कसं ठावं?" परशराम म्हणाला.

गुंडूनं ताटलीतलं पान परत उचललं.

"तुला कसं ठावं, अण्णा? तिथं मी आणि हरिभाऊ दोघंच हुतो."

"गाठ पडली हुती त्याची."

"कवा?"

भावकूनं खाली बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "काका, हरिभाऊ आपल्या जागेवर शुक्रवारी येणार होते. म्हणजे आज. आप्पांनीच त्यांना सांगितलं, बुधवारी या म्हणून."

आत स्वयंपाकघरात जयाबाई भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

परशरामाला आधी राग आला नाही. त्याला ते मोजमाप कळलं. मंगळवारी वहिनीला तो जे बोलला ते तिनं घरी जाऊन सांगितलं असणार. त्याच्या भावानं ऐकलं, आणि परशराम बायकोचे दिवस कसे मोजतोय ह्यावरून कारकुनाचा दिवस ठरवला.

"तुला ठावं हुतं मी चूल पेटवणार न्हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"ती माझी बायको हुती, अण्णा."

"मला ठावं हाय ती कोण हुती," गुंडू म्हणाला, आणि राजाबाईकडं वळला. "आक्का, तू सांग."

राजाबाई दोघांकडं बघत राहिली. मघाशी ती गुंडूच्या बाजूला झुकली होती. आता तिचं तोंड आवळलं होतं. "तू हे बरं न्हाय केलंस, गुंड्या," ती म्हणाली. "पर वखार म्हणतोस ते मला अजून वाईट वाटत न्हाय. मला इचार करू दे."

तेवढ्यात बाहेरून शालूबाईनं हाक दिली. ती अंगणातच उभी राहिली, डोक्यावर इरलं, पाठीला बांधलेलं पोर. तिला घाईनं वखारीत परत जायचं होतं. ती झोळीचा दोर मागायला आली होती.

"तेवढा दोर द्या, दादा. वखारीतच बांधीन म्हणते एका कोपऱ्यात. तुमचं काय आता व्हईल न व्हईल."

जयाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली होती. तिनं शालूबाईच्या पाठीवरच्या पोराकडं पाहिलं. पोराची मान एका बाजूला लोंबत होती. पावसाचं पाणी इरल्यावरून त्याच्या गालावर पडत होतं आणि ते हलत नव्हतं.

"झोळी सोड," जयाबाई म्हणाली.

"निजलंय, जयाक्का."

"सोड म्हणते न्हवं."

जयाक्का म्हणून शालूबाईनं हाक मारलेली परशरामाच्या कानावर आली, पण तेव्हा त्यानं त्याचा विचार केला नाही. जयाबाईनं पोर सोप्यात आणलं आणि बोटानं त्याची पापणी उघडली.

"किती दिलीस?"

"रोज मोहरीएवढी देते. काल लई रडलं, तवा मुकादम वरडला. आज..." शालूबाईचा आवाज खाली गेला. "आज जरा मोठी दिली."

राजाबाई उठून आली. दोघी पोराला घेऊन बसल्या. एकीनं तळपाय चोळले, दुसरीनं ओल्या पदरानं तोंड पुसलं, कानाची पाळी चिमटीत धरली. पोर गार नव्हतं, श्वास चालू होता, पण तो इतका सावकाश येत होता की प्रत्येक श्वासानंतर सगळे पुढच्याची वाट बघत होते. भावकू वैद्याला आणायला धावला. शालूबाई अंगणातच पावसात बसून राहिली होती. परशरामानं तिला हाताला धरून आत घेतलं.

गुंडू भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "उठवा त्याला," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "अगं, उठवा की."

जयाबाईनं पोराला पालथं खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत फेऱ्या घालू लागली. ते तिला सवयीचं होतं, हे परशरामाच्या ध्यानात आलं. बऱ्याच वेळानं पोरानं आचका दिला, तिच्या खांद्यावर ओकलं, आणि बारीक चिरक्या आवाजात रडायला लागलं. शालूबाई त्याच्याबरोबर रडायला लागली.

गुंडू मटकन खाली बसला.

"कर सही," राजाबाई म्हणाली.

"आक्का, तुला काय सांगू." गुंडू जमिनीकडं बघत होता. "माझा मष्णू तिथंच गेला. तीन रात्री रडत हुता आणि मग रडायचा थांबला. मी त्या जागंवरनं जात न्हाय, बाजाराला वळसा घालून जातो, सत्तावीस वर्सं. एकदा चुकून गेलतो. आतनं तान्ही पोरं रडत हुती. पक्की वखार झाली म्हंजे तिथं पोराचा आवाज यायचा न्हाय, एवढंच मला पायजे. शेठचं मला काय पडलंय?"

"मला ऐकू येऊ दे," जयाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती अजून फेऱ्या घालत होती.

"मी जाते तिथं. चार वर्सं जाते. तुमी शेताकडं गेला की जाते. बाळाबाई जांबोटीला गेल्यापासनं रोज दिसभर मीच हुते. मष्णू माझाबी हुता, धनी. तुमाला तिथं रडणं ऐकवत न्हाय. मी तेवढ्यासाठीच जाते."

गुंडूनं बायकोकडं पाहिलं. तो तिला पहिल्यांदाच बघत असावा, तसा. मग तो उठला, खुंटीवरचा पटका घेतला आणि डोक्याला न गुंडाळता तसाच हातात धरून पावसात निघून गेला.

वैद्य पोराला बघून गेल्यावर भावकूनं संध्याकाळी अर्ज लिहिला. परशरामानं अंगठा केला. दुसऱ्या सहीची जागा भावकूनं रिकामी ठेवली.

---

शनिवारी दहाला म्युन्सिपालटीच्या दिवाणखान्यात सभा भरली. छत्र्यांचं पाणी फरशीवर साचलं होतं. अध्यक्षांनी एकेका जागेचं नाव घेतलं आणि ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. थेटरवाले आणि तालीमवाले एका जागेवरून भांडले. सिद्रामाचं कारंजं वाचून दाखवल्यावर हशा पिकला, तोही हसला. भाजीवाल्या बायांनी पाठवलेली सूचना सगळ्यांना पटली: मंडईवर छप्पर पाहिजे.

मग चौगुल्यांची जागा निघाली. वखारवाले शेठ मागं वळून गुंडूला शोधू लागले. गुंडू शेवटच्या रांगेत दारापाशी उभा होता. त्याला बघून शेठनं मान हलवली. गुंडूनं आपली हलवली नाही.

परशराम उठला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. टोपी काढून हातात धरून तो म्हणाला, "ती जागा पडीक न्हाय. बुधवारी चूल बंद हुती ती माझ्यामुळं. माझी बायको गेली. मी दिवस माझ्या हिशेबानं मोजले, ते चुकले असतील. पर काल अफू चाटवलेलं एक पोर मरता मरता वाचलं. ते ह्या दहा दिसात तिथं नव्हतं, वखारीत हुतं. माझी सूचना एवढीच की तिथं जे हाय ते ऱ्हाऊ दे." त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं, पण आठवेना. तो खाली बसला.

कोणी हसलं नाही. हरिभाऊनं अर्ज उलटून पाहिला. "मालक दोन," तो अध्यक्षांना म्हणाला, "अंगठा एकाचाच आहे."

"दुसरे हजर आहेत का?"

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. गुंडू तिथं उभा होता. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मग हा विषय पुढच्या शनिवारी घेऊ."

हरिभाऊनं परत दिलेला अर्ज घेऊन परशराम बाहेर आला तोवर गुंडू निघून गेला होता.

जागेवर जयाबाईनं ओलं जळण एकावर एक रचून ठेवलं होतं. तिनं पेटवलं नव्हतं. "तुमची वाट बघत हुते," ती म्हणाली. परशरामानं काडेपेटी काढली. दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. आधी नुसताच धूर झाला, मग जाळ धरला. दूध आणायचं होतं. पत्रा अजून त्याच जागी गळत होता. शालूबाईच्या पोराला त्यानं स्वतः वाशाला झोळी बांधली. गाठ बाळाबाईसारखी बसली नाही, म्हणून जयाबाईनं ती सोडून परत बांधली.

दुपारी पोर जागं झालं आणि रडायला लागलं. परशरामानं बाहेर पाहिलं. बोळाच्या तोंडाशी गुंडू उभा होता. तो आत आला नाही. वळसा घालून जायच्या वाटेनंही गेला नाही. पोर गप्प होईपर्यंत तो पावसात तिथंच थांबला आणि मग बाजाराकडं चालू लागला.

अर्जाचा कागद परशरामाच्या टोपीत घडी घालून ठेवलेला होता. त्यावर गुंडूची सही अजून झालेली नव्हती.